आंतरपीक आणि मिश्रपीक (खानदेश)

एकाच शेतात, एकाच हंगामात दोन किंवा अधिक पिके घेण्याच्या या दोन पद्धती. बोलण्यात दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात. खरा फरक ओळीचा आहे. आंतरपिकात मुख्य पिकाच्या ओळींमध्ये दुसऱ्या पिकाच्या ओळी ठरलेल्या प्रमाणात बसवतात. मिश्रपिकात मात्र बियाणेच एकत्र कालवून चाड्यात (पाभरीवरच्या बी सोडायच्या नरसाळ्यात) सोडतात किंवा हाताने फेकतात. कोणते रोप कुठे उगवेल, याचा हिशेब नसतो.

तापी-गिरणेच्या काळ्या जमिनीत कापसाच्या दोन ओळींमध्ये मूग किंवा उडीद ही रुळलेली जोडी आहे. कापूस सुरुवातीला सावकाश वाढतो, तोवर मधली जागा रिकामीच असते. मूग साधारण 60 ते 70 दिवसांत निघतो, त्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात आणि शेंगा तोडून झाल्या की फांद्या पसरायला कापसाला रान मोकळे होते. पोळ्याच्या सुमारास मुगाचे चार पैसे हाती येतात, कापसाचे त्यानंतर बऱ्याच उशिरा. ओळी सरळ असल्यामुळे कोळपे (ओळींमधले तण काढायचे अवजार) चालते, फवारणी व काढणी पिकागणिक वेगळी करता येते. मजुरी वाढल्यापासून शेतकऱ्याला या सोयीचे मोल अधिक वाटते.

प्रमाणातही एक मेख आहे. कापसात मूग घेताना कापसाची झाडे कमी होत नाहीत. मूग वरची भर असतो. बाजरी-तूर 2:1, म्हणजे बाजरीच्या दोन ओळींमागे तुरीची एक, पेरली तर तिसरी ओळ बाजरीच्या वाट्यातून जाते. दोन्हींना आंतरपीकच म्हणतात, पण बाजरी कमी झाली म्हणून पद्धतीला दोष देणे बरोबर नाही. तुलना एकूण जमिनीवर करावी लागते: समजा, सलग पेऱ्याच्या (त्या एकट्याच पिकाच्या) मानाने बाजरी 70 टक्के आणि तूर 50 टक्के आली, तर एका एकराने 1.2 एकरांचे काम केले.

मिश्रपीक मागास ठरवण्याची घाई मात्र करू नये. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या सातपुड्याच्या उतारांवर मका, ज्वारी, उडीद, तूर एकाच रानात घेतात. तिथे सरळ ओळ धरणे अवघड, आणि पाऊस फसला तर निदान एखादे धान्य घरात यावे, हा हेतू.

ओळीत लावायचे की मिसळून, हा पेच बीटी कापसातही (बोंडअळीला रोखणारे जनुक घातलेल्या कापसात) आला. आधी 450 ग्रॅम बीटी बियाण्याच्या पाकिटासोबत 120 ग्रॅम बिगर-बीटी बियाणे वेगळे मिळे, ते कडेच्या ओळींत लावायचे. बोंडअळीत प्रतिकारशक्ती वाढू नये म्हणून ती सोय होती, पण अनेकजण ते लावतच नसत. पुढे दोन्ही एकाच पाकिटात मिसळून देण्याची पद्धत आली. पीक एकच असल्याने याला मिश्रपीक म्हणत नाहीत.

रावेर-यावलच्या केळीत नव्या लागणीच्या मधल्या जागेत आंतरपीक घेता येते, पण काकडीवर्गीय वेल टाळतात. केळीवर येणारा कुकुंबर मोझॅक विषाणू त्यांच्यावरही जगतो आणि मावा ही कीड तो केळीत नेते.