श्वानांचे तात्पुरते पालकत्व (फोस्टरिंग)

रस्त्यावरून वाचवलेल्या, आजारी, जखमी किंवा मालकाने सोडून दिलेल्या कुत्र्याला कायमचे घर मिळेपर्यंत, अथवा तो बरा होऊन आपल्या मूळ जागी परतेपर्यंत, स्वयंसेवकाने मोबदल्याविना स्वतःच्या घरी सांभाळण्याची ही पद्धत आहे. मुंबई, पुणे आणि इतर शहरांतील प्राणिमित्रांमध्ये ती ‘फोस्टरिंग’ आणि असे घर ‘फोस्टर होम’ या नावांनीच ओळखले जाते. दत्तक घेण्यापेक्षा ती वेगळी आहे, कारण येथे मुदत ठरलेली असते आणि उपचार, लसीकरण व पुढील घराचा शोध यांची जबाबदारी सामान्यतः कुत्रा सोपवणाऱ्या संस्थेकडे किंवा कार्यकर्त्याकडे राहते.

मुंबईत परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशू रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून प्राण्यांवर उपचार करत आले आहे. पुढे भटक्या कुत्र्यांसाठी वाहिलेल्या संस्थाही शहरांत उभ्या राहिल्या. तथापि रुग्णालय किंवा निवारा कितीही चांगला असला तरी तेथील पिंजऱ्यांची संख्या मर्यादित असते आणि त्यांतील बरीचशी जागा अपघात व शस्त्रक्रिया यांसाठी राखावी लागते. प्राणी जन्मनियंत्रण नियम, 2023 (आणि त्यापूर्वीचे 2001 चे नियम) यांनुसार रस्त्यावरील कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण करून त्यांना पकडलेल्या जागीच परत सोडले जाते. आपला परिसर ओळखणाऱ्या धडधाकट, प्रौढ कुत्र्याला यामुळे फोस्टर घराची गरज पडत नाही. ती पडते आईविना सापडलेल्या पिल्लांना, शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे कोरड्या व स्वच्छ जागी राहावे लागणाऱ्यांना, संसर्गजन्य जननेंद्रियाच्या गाठींवर दर आठवड्याला इंजेक्शन घेणाऱ्यांना, आणि इमारतीबाहेर सोडून दिलेल्या लॅब्राडोर, हस्की यांसारख्या कुत्र्यांना, ज्यांना रस्त्यावर जगण्याची सवयच नसते.

यांत पिल्लांचा प्रश्न सर्वांत निकडीचा आहे. पार्व्हो विषाणूमुळे लस न झालेली पिल्ले रक्ताची हगवण व उलट्या होऊन अवघ्या काही दिवसांत दगावू शकतात, आणि जेथे अनेक आजारी कुत्री येत-जात असतात अशा निवाऱ्यात हा धोका कैक पटींनी वाढतो. हा विषाणू जमिनीवर आणि वस्तूंवर महिनोन्‌महिने टिकतो. नेहमीच्या फिनेलने फरशी पुसून तो मरत नाही, त्यासाठी योग्य प्रमाणात पातळ केलेले ब्लीचचे द्रावण वापरावे लागते. त्यामुळे ज्या घरात अलीकडे पार्व्होचा रुग्ण होता त्या घराने नवे पिल्लू स्वीकारण्यापूर्वी पशुवैद्याला विचारणे आवश्यक असते, आणि घरात आधीपासून कुत्रा असल्यास नव्या पाहुण्याला सुमारे दोन आठवडे वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांसह ठेवले जाते. लसीकरण साधारणतः सहाव्या ते आठव्या आठवड्यात सुरू होते आणि दर तीन-चार आठवड्यांनी मात्रा देत सोळाव्या आठवड्यापर्यंत चालते.

डोळेही न उघडलेल्या पिल्लांचे संगोपन हे फोस्टरिंगमधील सर्वांत कष्टाचे काम होय. त्यांना दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, पिल्लांसाठीचे विशेष दूध पाजावे लागते. गाई-म्हशीच्या दुधाने त्यांना जुलाब होण्याचा संभव असतो. पाजताना पिल्लाला पाठीवर न झोपवता पोटावर ठेवायचे, अन्यथा दूध फुप्फुसांत जाते. शरीराची ऊब त्यांना स्वतः राखता येत नाही आणि आईच्या चाटण्याविना मलमूत्रविसर्जनही होत नाही, म्हणून पहिले सुमारे तीन आठवडे प्रत्येक वेळी पाजल्यानंतर ओल्या, कोमट कापसाने पोटाखालचा भाग हलकेच पुसावा लागतो. इतके करूनही काही पिल्ले वाचत नाहीत. ही शक्यता संस्थेने आधीच मोकळेपणाने सांगायला हवी, कारण एकट्याने सोसलेल्या अशा मृत्यूनंतर अनेक चांगले स्वयंसेवक या कामापासून कायमचे दूर होतात.

सुमारे तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यादरम्यान पिल्लाला ज्या गोष्टींचा सुखद परिचय होतो त्यांची भीती पुढे सहसा राहत नाही. नेमका हाच काळ लसीकरण अपुरे असल्याने त्याला रस्त्यावर उतरवता न येण्याचाही असतो. अनुभवी फोस्टर यावर साधा मार्ग काढतात: पिल्लाला कडेवर घेऊन लिफ्ट, जिना, रिक्षांचे आवाज दाखवणे आणि घरात कुकरची शिट्टी, मिक्सर, दाराची घंटा, लहान मुलांची वर्दळ यांची हळूहळू सवय लावणे. प्रौढ कुत्र्याच्या बाबतीत घराचे महत्त्व निराळे आहे. पिंजऱ्यात कोपरा धरून बसणारा कुत्रा घरात काही दिवसांनी खेळकर निघू शकतो, तर शांत दिसणारा कुत्रा ताटलीजवळ कोणी आले की गुरगुरतो. तो एकटा राहतो का, मांजरीशी कसा वागतो, फटाक्यांना किती घाबरतो, ही माहिती घरातच मिळते. ती खरी आणि पूर्ण दिली तरच दत्तक टिकते. दोष झाकून दिलेला कुत्रा बहुधा परत येतो, आणि त्याचा सर्वाधिक त्रास त्यालाच होतो.

रेबीजबाबत कोणतीही ढिलाई चालत नाही. पिल्लांना ही लस साधारणतः तीन महिन्यांच्या वयात मिळते, तोपर्यंत लहान पिल्लूही धोक्याबाहेर मानले जात नाही. चावा, ओरखडा किंवा जखमेवर लाळ लागल्यास ती जागा साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे लागते. नियमित फोस्टर करणाऱ्यांनी प्रतिबंधक लस आधीच घेतलेली असावी.

खर्चाची विभागणी, आणीबाणीत न्यायचे रुग्णालय आणि मुदत या तीन गोष्टी लेखी ठरवणे हितावह असते. ‘फक्त दोन आठवडे’ म्हणून आलेला कुत्रा सहा महिने राहणे दुर्मीळ नाही. विशेषतः काळ्या रंगाच्या, मादी आणि प्रौढ देशी कुत्र्यांना घर मिळायला वेळ लागतो. भाड्याच्या घरात घरमालकाची संमती आधी घ्यावी लागते. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार गृहनिर्माण संस्थेला सदस्यांच्या पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, परंतु स्वच्छता व शांतता राखणे हे पालकाचे कर्तव्य ठरते.

दत्तक देताना घरभेट, ओळखपत्रासह करारनामा आणि योग्य वयात नसबंदीची हमी घेतली जाते. सर्वोच्च न्यायालयाने 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात, दिल्लीच्या संदर्भात, भटके कुत्रे दत्तक घेण्याची मुभा देताना असे कुत्रे पुन्हा रस्त्यावर येणार नाहीत याची जबाबदारी दत्तक घेणाऱ्यावर टाकली. फोस्टर व्यक्तीने स्वतःच कुत्रा ठेवून घेणे ही सर्रास घडणारी गोष्ट आहे. तो निर्णय कुत्र्याच्या हिताचा असला तरी पुढच्या प्राण्यासाठीची एक जागा त्याने कमी होते, म्हणून संस्था त्याबाबत आधीच बोलून घेतात. हस्तांतरणानंतरचे पहिले काही दिवस सर्वांत नाजूक असतात. बिथरलेला कुत्रा उघड्या दारातून निसटून अनोळखी भागात हरवतो, यासाठी त्याच्या गळपट्ट्यावर नव्या पालकाचा आणि फोस्टरचा असे दोन्ही दूरध्वनी क्रमांक लावले जातात, आणि किमान दोन आठवडे त्याला पट्ट्याशिवाय बाहेर नेऊ नये असे बजावले जाते.