मोठे मासे, साधा स्पंज आणि नागपूरचा मे महिना

ऑस्कर माशाचं बोटाएवढं पिल्लू घरी येतं तेव्हा एक स्पंज फिल्टर त्याला पुरून उरतो. पण हा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला मासा, फूटभर वाढतो. लांबी दुप्पट झाली की वजन साधारण आठपट होतं. मग सगळे सांगतात, स्पंज काढा आणि मोठा फिल्टर बसवा. यातला दुसरा अर्धा सल्ला ऐकावा, पहिला नको.

स्पंज फिल्टरमध्ये मोटर नसते. एअर पंपाची हवा उभ्या नळीत तळाशी सुटते, बुडबुड्यांमुळे नळीतलं पाणी हलकं होऊन वर चढतं आणि त्याच्या जागी स्पंजमधून नवं पाणी ओढलं जातं. कचरा अडकतो तो दिसतो. खरं काम जिवाणूंचं. मासे अमोनिया मुख्यतः कल्ल्यांतून टाकतात. जिवाणू त्याचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. या दोन पायऱ्या वेगवेगळ्या जिवाणूंच्याच, असं दीर्घकाळ मानलं जाई. २०१५ मध्ये दोन्ही एकट्याने पार करणारे नायट्रोस्पायरा सापडले, त्यांतले काही मत्स्यपालनाच्या फिल्टरमध्येच!

आता हिशेब करू. दिवसाला १० ग्रॅम खाद्य, त्यात ४० टक्के प्रथिनं, म्हणजे ४ ग्रॅम. प्रथिनांत नायट्रोजन १६ टक्के, म्हणजे ०.६४ ग्रॅम. त्यातला निम्मा जरी अमोनिया होऊन उतरला, तरी ३०० लिटरच्या टाकीत रोज लिटरमागे एक मिलिग्रॅमची भर. पाणी जितकं गरम आणि अल्कधर्मी, तितका त्यातला विषारी वाटा मोठा.

मोठा, जाड छिद्रांचा, मुरलेला (म्हणजे जिवाणू नीट वसलेला) स्पंज हे बऱ्यापैकी पेलतो. त्याला पेलत नाही ती विष्ठा. ऑस्करची लेंडी जड असते, तळाशी बसते आणि एवढ्या मंद ओढीने स्पंजपर्यंत येतच नाही. त्यासाठी कॅनिस्टर (टाकीबाहेरचा, मोटरवर चालणारा बंद डबा) किंवा टॉप फिल्टर (टाकीच्या वर बसणारा) हवाच.

मग स्पंज कशाला ठेवायचा? उन्हाळ्यासाठी. २५ अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३५ अंशांना जेमतेम ७. नेमका तेव्हाच माशाला तो जास्त लागतो. जिवाणूही वाटेकरी: एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन उरकायला त्यांना साडेचार ग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन लागतो. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत तापत्या नऊ दिवसांत, दुपारी लाइट गेली की कॅनिस्टरच्या बंद डब्यातलं पाणी थांबतं, आतला ऑक्सिजन संपत जातो आणि जिवाणू मरू लागतात. एअर पंप मात्र मोजके वॉट खातो, छोट्या बॅटरीवरही तासन् तास चालतो. बुडबुडे पृष्ठभाग हलवत राहतात, स्पंज जिवंत राहतो. सोबत पाण्यावर एक टेबलफॅन सोडा. आपली नागपूरची हवा तेव्हा इतकी कोरडी असते की कूलरचं तत्त्व टाकीतही चालतं. फक्त उडालेलं पाणी भरत राहायचं.

स्पंज धुताना नळाखाली धरू नका, क्लोरीन जिवाणूंना मारतो. उचलण्याआधी पाण्यातच त्याच्यावर पिशवी चढवा, नाहीतर तपकिरी गाळाचा ढग टाकीभर पसरतो. टाकीतल्याच पाण्याच्या बादलीत दोन-तीनदा पिळला की झालं. पांढराशुभ्र करायच्या नादी लागू नये. दोन स्पंज असतील तर आलटून-पालटून धुवा. तळाला वजनही हवं, ऑस्कर आवडेल ते उपटतो. आणि पंप पाण्याच्या पातळीखाली ठेवला असेल तर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) बसवा. नाहीतर लाइट गेल्यावर पाणी उलटं पंपात, तिथून फरशीवर.