डोळ्याच्या कर्करोगातील रोगप्रतिकारक पेशी

प्रौढांच्या डोळ्यात सुरू होणाऱ्या कर्करोगांत युव्हियल मेलॅनोमा सर्वाधिक आढळतो. डोळ्याच्या मधल्या रंगद्रव्ययुक्त थरातील मेलॅनोसाइट पेशींपासून तो होतो. दहातल्या जवळपास नऊ गाठी कोरॉइडमध्ये (दृष्टिपटलामागच्या थरात) असतात, बाकीच्या सिलिअरी बॉडीत (बुबुळामागच्या स्नायुयुक्त भागात) आणि बुबुळात. इतर बहुतेक गाठींमध्ये लसिका पेशी (लिम्फोसाइट या रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशी) शिरलेल्या दिसणे हे शुभलक्षण मानतात. या गाठीत मात्र ते धोक्याचे लक्षण आहे, आणि ही नोंद मुख्यतः त्याच्या कारणांविषयी आहे.

डोळ्याला रोगप्रतिकारक शक्तीपासून काहीशी सवलत असते. पीटर मेडावर यांनी 1948 मध्ये सशाच्या डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात परक्या त्वचेची कलमे ठेवली. रक्तवाहिन्या पोचल्या नाहीत तोवर ती टिकून राहिली. दृष्टिपटलाभोवतीचा रक्त-अडथळा, डोळ्याच्या आतल्या भागात लसिकावाहिन्यांचा अभाव आणि नेत्रजलातील (डोळ्याच्या आतल्या द्रवातील) टीजीएफ-बीटासारखी शामक द्रव्ये यांमुळे ही सवलत मिळते. दाह दृष्टी घालवू शकतो, म्हणून निरोगी डोळ्याला ती लाभदायक. गाठीला मात्र तिच्यामुळे आयता आडोसा मिळतो.

गाठीत शिरणाऱ्या पेशींत मॅक्रोफेज, म्हणजे जंतू व कचरा गिळणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी, ठळक असतात. त्यांतल्या बऱ्याच एम2 प्रकारच्या, म्हणजे जखम भरणाऱ्या आणि दाह शमवणाऱ्या असतात. त्या नव्या रक्तवाहिन्या वाढवायला मदत करतात आणि टी पेशींना (आजारी पेशींवर हल्ला करणाऱ्या लसिका पेशींना) आवर घालतात. लसिकावाहिन्या नसल्याने या गाठीला डोळ्याबाहेर पडण्याचा मुख्य मार्ग रक्तवाहिन्यांचाच. त्यामुळे रक्तवाहिन्या वाढल्या की फैलावाचा धोकाही वाढतो. आठव्या गुणसूत्राच्या लांब भुजेच्या जादा प्रती असलेल्या गाठींत मॅक्रोफेज अधिक दिसतात. पुढे तिसऱ्या गुणसूत्राची एक प्रत हरपून बीएपी1 हे गाठ रोखणारे जनुक निकामी झाले की टी पेशींची गर्दीही वाढते. म्हणजे या पेशींची गर्दी हे बऱ्याच अंशी गाठीतल्या जनुकीय बिघाडाचेच प्रतिबिंब आहे.

सूक्ष्मदर्शकाखाली या पेशी मोजताना एक अडचण हमखास येते. मॅक्रोफेज गाठीतले मेलॅनिन गिळून तपकिरी होतात, आणि प्रतिपिंड-रंजनात (प्रतिपिंडांनी विशिष्ट पेशी रंगवण्याच्या पद्धतीत) नेहमी वापरले जाणारे डीएबी हे रंगद्रव्यही तपकिरीच असते. सीडी68 किंवा सीडी163 या मॅक्रोफेजच्या खुणेच्या प्रथिनांचे रंजन आणि मेलॅनिन यांत फरक कळत नाही आणि मोजणी फसते. म्हणून लाल रंग देणारे द्रव्य वापरावे किंवा काचपट्टीवरचे मेलॅनिन आधी विरंजित करून (रंग उडवून) घ्यावे. विरंजन जास्त झाले तर ऊतक खराब होते आणि प्रतिजनही (प्रतिपिंड ज्याला चिकटते ते प्रथिन) नष्ट होऊ शकते. त्यामुळे सोबत तुलनेसाठी नियंत्रण-काचपट्टी हवीच. लसिका पेशींसाठी 1990च्या एका मोठ्या अभ्यासात 20 उच्च-शक्ती क्षेत्रांत (सूक्ष्मदर्शकाच्या मोठ्या वर्धनाखाली एका वेळी दिसणाऱ्या भागांत) 100 किंवा अधिक पेशी ही मर्यादा धरली होती. तिच्यावरच्या रुग्णांचे 15 वर्षांचे जगणे 36.7 टक्के होते, तिच्याखालच्यांचे 69.6 टक्के.

टी पेशी असूनही रुग्णाला फायदा का होत नाही? एक कारण म्हणजे त्या थकलेल्या असतात. त्यांच्यावर एलएजी3 हा टी पेशींना थोपवणारा रोधक रेणू ठळकपणे आढळतो, तर आजची बहुतेक प्रचलित औषधे पीडी-1 आणि सीटीएलए-4 या दुसऱ्या रोधक रेणूंवर चालतात. शिवाय या गाठीत जनुकीय बदल फार थोडे असतात, त्यामुळे टी पेशींना परके म्हणून ओळखता येईल असे फारसे काही हाती लागत नाही. दुसरे कारण अधिक विलक्षण आहे. टी पेशींनी सोडलेल्या इंटरफेरॉन-गॅमा या संदेशवाहक प्रथिनामुळे गाठीच्या पेशींवर एचएलए वर्ग-1 रेणू (पेशीची ओळख दाखवणारे पृष्ठभागावरचे रेणू) वाढतात. रक्तातल्या आणि यकृतातल्या नैसर्गिक मारक पेशी ज्यांच्यावर हे रेणू कमी असतात त्यांनाच प्रामुख्याने मारतात. म्हणजे एचएलएने मढलेली कर्कपेशी त्यांच्या तावडीतून सुटते. जवळपास निम्म्या रुग्णांत रोग पुढे पसरतो, आणि पसरलेल्यांपैकी सुमारे 90 टक्क्यांत तो यकृतात जातो, कधी डोळ्यावरच्या उपचारानंतर दहा वर्षांनीसुद्धा.

नेत्रश्लेष्मला-मेलॅनोमाला (डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ पडद्यातल्या मेलॅनोमाला) हे नियम लावू नयेत. तिथे लसिकावाहिन्या असतात, आणि त्याची जनुकीय घडण त्वचेच्या मेलॅनोमाशी अधिक मिळतीजुळती असते.

गाठीतल्या टी पेशी थकलेल्या, म्हणून रक्तातल्या टी पेशी गाठीवर नेऊन भिडवायच्या, हा टेबेन्टाफस्प या औषधामागचा विचार. त्याचे एक टोक कर्कपेशीवरील जीपी100 या मेलॅनोसाइटमधल्या प्रथिनाचा तुकडा धरते, दुसरे टी पेशीवरील सीडी3 हा रेणू. अमेरिकेत त्याला जानेवारी 2022 मध्ये मान्यता मिळाली. 378 रुग्णांच्या चाचणीत एका वर्षानंतर ते घेणाऱ्यांपैकी 73 टक्के हयात होते, तुलना-गटातले 59 टक्के. ते फक्त एचएलए-ए*02:01 हा एचएलए प्रकार असलेल्या रुग्णांनाच चालते, म्हणून आधी रक्ताची एचएलए चाचणी करावी लागते. शिरेवाटे दर आठवड्याला देताना पहिला डोस 20 मायक्रोग्रॅम, दुसरा 30 आणि तिसऱ्यापासून 68 असतो. एकदम पूर्ण डोस दिल्यास टी पेशींतून सायटोकाइन या दाह वाढवणाऱ्या प्रथिनांचा लोंढा सुटून ताप येतो आणि रक्तदाब कोसळू शकतो. म्हणून पहिल्या तीन डोसांनंतर प्रत्येकी किमान 16 तास देखरेख ठेवतात. त्वचेच्या मेलॅनोसाइटवरही जीपी100 असल्याने पुरळ उठते. सीटी स्कॅनवर गाठ वाढलेली दिसली तरी काही रुग्णांत आयुष्य लांबल्याचे आढळले आहे. त्यामुळे केवळ पहिल्या स्कॅनवरून औषध निरुपयोगी ठरवणे चूक आहे.