टेक्निकल रायटर आणि कंटेंट रायटर: दोघांची लेखणी सारखी, काम वेगळं

नोकरीच्या जाहिरातीत दोघांकडूनही ‘उत्तम लेखनकौशल्य’ मागितलेलं असतं, त्यामुळे एकाच्या खुर्चीत दुसरा सहज बसवला जातो. लेख, ब्लॉग, जाहिराती लिहिणाऱ्या कंटेंट रायटरचा वाचक अजून विचार करत असतो: घ्यावं का, पुढे वाचावं का? त्याला धरून ठेवावं लागतं. टेक्निकल रायटर लिहितो मॅन्युअल, म्हणजे वापराच्या सूचना. त्याच्या वाचकाचं काम अडलेलं असतं, मॅन्युअल तो नाइलाजाने उघडतो. त्याला शक्य तितक्या लवकर मोकळं करायचं.

शब्दांचंच बघा. लेखात तोच शब्द पुन्हा आला की खटकतो. मॅन्युअलमध्ये मात्र ‘बटण’, ‘कळ’ आणि ‘स्विच’ असं आलटूनपालटून लिहिलं, तर वाचक तीन वस्तू शोधत बसतो. विमान उद्योगातलं सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश, म्हणजे मॅन्युअलसाठी नियमांत बांधलेलं सोपं इंग्रजी, याबाबतीत फारच कडक आहे: एका शब्दाला शक्यतो एकच अर्थ, आणि सूचनेच्या वाक्यात जास्तीत जास्त 20 शब्द. शैलीची हौस असणाऱ्याचा इथे जीव गुदमरेल.

टेक्निकल रायटरचं खरं कसब मात्र लिहायला बसण्याआधीच दिसतं. इंजिनिअर म्हणतो, “मग सर्व्हर रीस्टार्ट करायचा, झालं.” कोणी करायचा? त्याला तेवढी परवानगी असते का? चालू असलेल्या कामांचं काय होतं? आणि झालं, हे ओळखायचं कशावरून? माहीतगार माणसाला असे प्रश्न सुचतच नाहीत. ते बावळट वाटले तरी विचारायची तयारी लागते. त्यानंतर प्रत्येक पायरी स्वतः करून बघायची. “वायर कापा. त्याआधी वीज बंद करा.” व्याकरणात खोट नाही, पण वाचणाऱ्याने पहिल्या वाक्यालाच पकड उचललेली असते.

आयबीएम या संगणक कंपनीत संशोधक जॉन कॅरोल यांनी 1980च्या दशकात हेच टिपलं: लोक मॅन्युअल सलग वाचत नाहीत, थेट कामाला हात घालतात आणि चुकतात. म्हणून प्रास्ताविक कमी, आणि चुकल्यावर काय करायचं ते जास्त.

डिटा (मजकूर ठरावीक साच्यात रचायची पद्धत), गिट (बदलांची नोंद ठेवणारं), मार्कडाउन (साध्या खुणांनी मजकूर मांडायची पद्धत) ही साधनं कंटेंट रायटरला शिकता येतात, त्यांचा बाऊ नको. उलट दिशेचा प्रवासही सोपा नसतो. मुरलेल्या टेक्निकल रायटरने लिहिलेली जाहिरात बहुधा अचूक आणि कंटाळवाणी होते.

टेक्निकल रायटर निवडताना लेखनाचे जुने नमुने मागण्यापेक्षा एखादं अनोळखी उपकरण समोर ठेवा. लगेच लिहायला बसणाऱ्यापेक्षा आधी ते उघडून, “हे कोण वापरणार?” असं विचारणारा उमेदवार घ्या.