पिवळा डोंगर, तांबडा डोंगर : ला ग्रासिओसा बेटावरची दोन तासांची जीपफेरी

नागपुरात घर बांधायला काढलं की दारात दोन ढीग पडतात. एक काळ्या गिट्टीचा, दुसरा पिवळट-तांबूस मुरमाचा. मूळ खडक एकच. गिट्टी म्हणजे खाणीतून फोडून आणलेला ताजा बेसाल्ट, आणि मुरूम म्हणजे ऊन-पावसानं जागच्या जागी कुजलेला बेसाल्ट. हे दोन ढीग ज्यानं डोळे उघडे ठेवून पाहिलेत, त्याला अटलांटिक महासागरातल्या ला ग्रासिओसा या बेटाची अर्धी ओळख आधीच झालेली असते.

ला ग्रासिओसा हे स्पेनच्या कॅनरी द्वीपसमूहातलं छोटं बेट. क्षेत्रफळ २९ चौरस किलोमीटर, वस्ती सातशेच्या आसपास. २०१८ साली त्याला कॅनरीतलं आठवं वसतं बेट म्हणून मान्यता मिळाली. बेटावर डांबरी रस्ता नाही. गावातल्या गल्ल्यासुद्धा वाळूच्या आहेत. बाहेरच्या माणसाला स्वतःची गाडी आणता येत नाही, म्हणून बंदरावर उभ्या असलेल्या स्थानिक जीप घेऊन फिरायचं. ताडोबा किंवा पेंचच्या गेटवर जिप्सी ठरवायची सवय असलेल्या माणसाला हा प्रकार नवा वाटणार नाही. फरक एवढाच की इथे झुडपात वाघ शोधायचा नसतो, डोंगराचा रंग पाहायचा असतो.

रंगाचं महत्त्व तिथल्या लोकांनी नावांतच नोंदवून ठेवलंय. मोंतान्या अमारिया म्हणजे पिवळा डोंगर. मोंतान्या बेरमेहा म्हणजे तांबडा डोंगर. दोन्ही ज्वालामुखीच, एकाच जातीच्या शिलारसातून, म्हणजे जमिनीखालच्या वितळलेल्या खडकातून, घडलेले, आणि दोघांमधलं अंतर काही किलोमीटरचंच. मग एक पिवळा आणि दुसरा तांबडा का? उत्तर एका शब्दात द्यायचं तर पाणी. फेरीत बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, एवढं मात्र समजून घ्यावं.

शिलारस वर येतो तेव्हा त्याचं तापमान ११०० ते १२०० अंश सेल्सिअस असतं. वाटेत पाणी लागलं नाही, तर त्यात विरघळलेले वायू फुगतात आणि सोड्याची बाटली उघडल्यासारखा तो उसळतो. उडालेले गोळे हवेतच निवतात. त्यांत बुडबुड्यांची भोकं तशीच राहतात, आणि ते तोंडाभोवती पडत पडत शंकू तयार होतो. ढीग गरम असतानाच हवेतला ऑक्सिजन आणि वाफ आत शिरते, खडकातलं लोह गंजतं आणि डोंगर तांबडा होतो. १५७ मीटर उंचीचा बेरमेहा असा घडला. त्याची बाजू किती उतरती आहे तेही पाहावं. सुटे, खरबरीत तुकडे साधारण ३० ते ३३ अंशांपेक्षा जास्त चढाचा ढीग धरत नाहीत, घसरून खाली येतात. टिप्परनं ओतलेल्या गिट्टीच्या ढिगाचा उतार आणि या डोंगराचा उतार जवळपास सारखा दिसतो, कारण दोन्हींमागचा नियम एकच आहे.

आता तोच शिलारस उथळ समुद्रात किंवा पाण्यानं भिजलेल्या वाळूत घुसला असं समजा. फोडणीच्या तापलेल्या तेलात ओल्या हाताचा थेंब पडला की काय होतं ते स्वयंपाकघरात सगळ्यांनीच पाहिलंय. एक लीटर पाण्याची नेहमीच्या दाबाला सुमारे १७०० लीटर वाफ होते, आणि इथे ती क्षणार्धात होते. शिलारसाच्या चिंधड्या उडतात. त्याला बुडबुडे धरायलाही वेळ मिळत नाही, बारीक काचेची राख होऊन तो बाहेर फेकला जातो. पाण्याचं प्रमाणही महत्त्वाचं. वजनानं शिलारसाच्या साधारण एक-तृतीयांश पाणी असेल तेव्हा स्फोट सर्वांत जोरदार होतो. खूपच जास्त पाणी असलं तर शिलारस नुसता विझतो आणि समुद्रतळावर उशांसारखे गोल लोड होऊन पडतो. स्फोटातून आलेली काचेची राख ओली असते, थरावर थर बसते, आणि पुढे पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन ती काच पॅलॅगोनाइट नावाच्या पिवळट-तपकिरी पदार्थात बदलते. १७२ मीटरचा अमारिया पिवळा आहे तो यामुळे.

दोन्हींतला फरक हाताला कळतो. तांबड्या डोंगराच्या पायथ्याशी पडलेला लाडवाएवढा खडा तळहातावर घ्या. तेवढ्याच गिट्टीच्या तुकड्यापेक्षा तो बराच हलका लागेल, कारण त्याच्या पोटात पोकळ्याच पोकळ्या. कडा इतक्या धारदार की मूठ आवळवत नाही. पिवळ्या डोंगराचा खडक ठिसूळ असतो. जवळून पाहिलं तर वहीच्या पानांसारखे पातळ थर दिसतात, आणि मधेमधे काळे टोकदार दाणे रुतलेले. स्फोटानं तळातला जुना खडक फोडून वर आणला, त्याचे ते तुकडे. पाहून झालं की दगड जागेवर ठेवावा. हा सगळा भाग संरक्षित नैसर्गिक उद्यानात येतो. इथून दगड, वाळू, शिंपले उचलून नेता येत नाहीत.

आता प्रत्यक्ष फेरीविषयी. नागपूरहून मुंबई किंवा दिल्ली, तिथून माद्रिद, आणि माद्रिदहून लांझारोते बेटावरचं आरेसिफे विमानतळ. व्हिसा शेंगेनचा. लांझारोतेच्या उत्तर टोकाला ओर्सोला नावाचं गाव आहे, तिथून बोटीनं अर्ध्या तासाच्या आत ला ग्रासिओसाच्या कालेता दे सेबो बंदरावर पोहोचता येतं. बोट फारियोनेसच्या टोकाला वळसा घालते, तिथे उघड्या समुद्राची लाट आडवी लागते. प्रवास एवढासा असला तरी मळमळणाऱ्या माणसानं गोळी बोटीत बसल्यावर घेऊन उपयोग नाही. ती निदान अर्धा-पाऊण तास आधी पोटात गेलेली असावी.

जीप ठरवताना तीन गोष्टी आधीच स्पष्ट करून घ्याव्यात : पैसे माणशी की पूर्ण गाडीचे, फेरी एक तासाची की दोन तासांची, आणि कुठल्या थांब्यावर किती वेळ. दोन तासांची फेरी घ्यावी असं आमचं स्पष्ट मत आहे. एका तासात गाडीतून उतरून खडक पाहायला वेळच उरत नाही, नुसते फोटो होतात. ओर्सोलाला परतणाऱ्या शेवटच्या बोटीची वेळ ओर्सोलालाच विचारून घ्यावी आणि जीपवाल्यालाही सांगावी. ती चुकली तर गावात रात्र काढावी लागते, आणि गर्दीच्या दिवसांत खोली मिळेलच असं नाही.

बसायला जागा निवडता आली तर पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधली घ्यावी. मागच्या चाकाच्या वर किंवा त्याच्याही मागे बसलेला माणूस सर्वांत जास्त उसळतो. इथल्या कच्च्या रस्त्यावर पत्र्याच्या छपरासारख्या आडव्या लहरी उठलेल्या असतात. आपल्याकडे मुरमाच्या रस्त्यावरही त्या दिसतात आणि खापर ट्रॅक्टरवर फुटतं. खरं कारण वेगळं आहे. चाक एखाद्या छोट्या उंचवट्यावरून उडतं, पुढे आपटतं, तिथली वाळू ढकलून नवा उंचवटा करतं, आणि मागून येणारं प्रत्येक चाक तीच लहर थोडी वाढवतं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात गोल फिरणाऱ्या वाळूच्या पट्टीवर साधं चाक चालवून पाहिलं, तर एका ठरावीक वेगाच्या वर लहरी आपोआप उठल्या. स्प्रिंग नसलेल्या चाकानंही त्या उठल्या. म्हणून तिथला चालक एकदम हळू झाला तर त्याला घाई करायला सांगू नये. मऊ वाळूत शिरण्यापूर्वी चाकातली हवा कमी ठेवलेली असली की टायर पसरतो, वजन जास्त जागेवर वाटलं जातं आणि गाडी रुतत नाही. वाळूत जोरात ब्रेक मारला तर चाकापुढे वाळूचा बांध तयार होतो, आणि गाडी रुतते ती बहुतेक वेळा अशी.

जीप आखलेली वाट सोडत नाही, सोडूही नये. नागपुरात वर्षाला १००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि गाडीच्या चाकोऱ्या एका पावसाळ्यात बुजतात. तिथे वर्षाकाठी १५० मिलिमीटरही पुरता पडत नाही. एकदा उमटलेली चाकोरी वर्षानुवर्षं तशीच राहते, आणि तिच्याखाली चिरडलेलं झुडूप पुन्हा उभं राहायलाही तेवढाच काळ जातो. माणसांना प्यायचं पाणीसुद्धा लांझारोतेहून समुद्राखालच्या नळानं येतं, तेही समुद्राचंच गोडं केलेलं. फेरीला निघताना माणशी दीड-दोन लीटर पाणी बरोबर हवं. सावली नाही, नळ नाही. उन्हाळ्यात नागपूरकर डोक्या-तोंडाला गुंडाळतो तसा सुती दुपट्टा घ्यावा. ऊन, वारा आणि वाळू तिन्हींवर तो पुरतो. पायात बंद बूट हवेत, चपलेतून खरबरीत लाव्हा सरळ बोटांना लागतो.

साधारण फेरी अशी जाते : बंदरातून निघून पेद्रो बार्बा ही छोटी वस्ती, मग उत्तर किनाऱ्यावरच्या लोस आर्कोस कमानी, आणि शेवटी प्लाया दे लास कोंचास. वाटेत २६६ मीटर उंचीचा लास आगुहास, म्हणजे 'सुया', हा बेटावरचा सर्वांत उंच डोंगर जवळून दिसतो. गाडी थांबली की डोंगरांची रांग पाहून घ्यावी. ते वाटेल तिथे उगवलेले नाहीत, ईशान्य-नैर्ऋत्य अशा रेषेत उभे आहेत. जमिनीला लांब भेग पडली आणि तिच्यातून शिलारस ठिकठिकाणी वर आला.

भेगेची गोष्ट आपल्यालाही लागू आहे. दख्खनचा बेसाल्ट शंकूच्या आकाराच्या एखाद्या डोंगरातून आला नाही, लांबलचक भेगांतून आला. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी तो पसरत पसरत पूर्वेकडे जिथे संपला, ती सीमा नागपुरातून जाते. शहराच्या पश्चिमेला काळा बेसाल्ट, पूर्वेला त्याहून कितीतरी जुने खडक. आजही दख्खनचा हा पसारा सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरचा आहे. त्यापुढे ला ग्रासिओसाचे डोंगर आकारानं चिमुकले आणि वयानंही अगदी तरुण, हिमयुगांच्या काळातले. पण नागपूरच्या खडकाला हात लावल्याशिवाय तिकडे जाऊ नये, असं मनापासून वाटतं. सेमिनरी हिल्सवर सकाळी फिरायला जाणाऱ्यांनी उघड्या पडलेल्या दगडात भोकं आहेत का, त्यांत पांढरं खनिज भरलंय का, आणि कांद्याच्या पापुद्र्यांसारखा दगड कुठे सुटतोय, एवढं पाहिलं तरी पुष्कळ झालं. सीताबर्डीच्या टेकडीत तर दोन लाव्हाप्रवाहांच्या मधे गोड्या पाण्यात साचलेला थर सापडला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या दोघा मिशनऱ्यांनी नागपूर परिसरातल्या अशा थरांचा आणि त्यांतल्या जीवाश्मांचा अभ्यास केला. नागपुरातल्या हिस्लॉप कॉलेजमुळे सर्वांना माहीत असलेलं ते नाव याच माणसाचं. एक लाव्हा थंड झाला, त्यावर तळं साचलं, त्यात गोगलगाई राहिल्या, आणि मग दुसरा लाव्हा आला. पाणी आणि लाव्हा यांची भेट नागपुरातही झालेली आहे.

लोस आर्कोसला काळा लाव्हा समुद्रापर्यंत वाहत गेला आणि लाटांनी त्याला खालून पोखरलं. वरचा कठीण थर टिकला, त्याची कमान झाली. हिवाळ्यात वायव्येकडून मोठ्या लाटा येतात तेव्हा कमानीखालून पाणी उसळून वर येतं. दिसायला सुरेख, पण काठावर उभं राहू नये. पोखरलेल्या खडकाची जाडी वरून कळत नाही.

प्लाया दे लास कोंचासची वाळू फिकट सोनेरी आहे, आणि काळ्या-तांबड्या डोंगराखाली ती आलीच कुठून असं वाटतं. ती ज्वालामुखीची नाहीच. शिंपले आणि चुन्याचं कवच धरणाऱ्या समुद्री शेवाळांचा तो चुरा आहे, लाटांनी आणि वाऱ्यानं किनाऱ्यावर लोटलेला. या किनाऱ्यावर पोहू नये. ओढ जोरदार आहे, आणि मदतीला माणूस येईपर्यंत उशीर होतो. घोट्यापर्यंत पाण्यात उभं राहून समोरचं मोंतान्या क्लारा बेट पाहावं.

पिवळा डोंगर जीपच्या फेरीत दुरूनच दिसतो. जवळून पाहायचा तर गावातून किनाऱ्यानं साधारण सव्वा तास पायी जावं लागतं. दुपारनंतर जावं, कारण त्याची कापलेली बाजू नैर्ऋत्येला समुद्राकडे आहे आणि कलत्या उन्हात थर स्पष्ट उठतात. कड्याच्या अगदी खाली बसू नये, ठिसूळ थरांचे तुकडे सुटतात. सहाराकडून धूळ आली की, तिथे तिला कालिमा म्हणतात, सगळे रंग एकाच मातकट पडद्याआड जातात. शक्य असेल तर फेरी एक दिवस पुढे ढकलावी.

परतीच्या बोटीत उजव्या बाजूला बसावं. समोर लांझारोतेचा फामारा कडा उभा असतो, माथ्याशी ६७० मीटरच्या आसपास उंच. त्यात लाव्हाचे थर पायऱ्यांसारखे एकावर एक रचलेले, आणि काळ्या थरांच्या मधे आडवे तांबडे पट्टे. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात तयार झालेली माती वरून आलेल्या लाव्हानं भाजून निघाली, तिचे ते पट्टे. सह्याद्रीच्या घाटात बस वळण घेते तेव्हा कड्यात दिसतात, तसेच. फारियोनेसचं टोक येईपर्यंत ते मोजायला वेळ मिळतो.