शाळेतला पडदा आणि मुलाचा हात

रायगड जिल्ह्यातल्या खैराट-धनगरवाडा या वस्तीवर २००७ साली हिरव्या-पांढऱ्या रंगाचे छोटे लॅपटॉप आले. शाळा एका खोलीची, शिक्षक एक, आणि पहिली ते चौथीची मुलं एकत्र बसलेली. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या जागतिक मोहिमेचा भारतातला पहिला प्रयोग इथे झाला. केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने वर्षभरापूर्वीच ही योजना नाकारली होती. प्रत्येक मुलाला यंत्र देण्यापेक्षा तेवढ्या पैशात वर्ग आणि शिक्षक द्यावेत, असं तेव्हा म्हटलं गेलं आणि ते म्हणणं उगाच नव्हतं. तरी खैराटची गोष्ट मला पुन्हा पुन्हा आठवते, ती एका साध्या नियमामुळे. तो लॅपटॉप मुलाचा होता. संध्याकाळी तो घरी न्यायचा, त्यातल्या कॅमेऱ्याने हवा तो फोटो काढायचा, हव्या त्या माणसाचा आवाज नोंदवायचा. आपल्याकडे शाळेतलं यंत्र म्हणजे कुलपातली वस्तू. या वस्तीवर ते दप्तरात गेलं.

आज ‘विद्यार्थीकेंद्री शिक्षणासाठी इंटरनेट’ या विषयावर जे बोललं जातं, त्याचा बराचसा उगम त्या लॅपटॉपमागच्या विचारात आहे. तो विचार मांडणारे सेमोर पॅपर्ट हे मूळचे दक्षिण आफ्रिकेचे गणिती १९५८ ते १९६३ या काळात जिनिव्हाला जाँ पियाजे या बालमानसशास्त्रज्ञांबरोबर काम करत होते. मूल ज्ञान आयतं घेत नाही, आपल्या अनुभवातून ते रचत जातं, हे पियाजेंचं म्हणणं. आपल्याकडे त्याला ज्ञानरचनावाद हा शब्द रूढ झाला. अमेरिकेत गेल्यावर पॅपर्ट यांनी १९६७ मध्ये सहकाऱ्यांबरोबर ‘लोगो’ ही मुलांसाठीची संगणकभाषा तयार केली. पडद्यावरच्या कासवाला मुलाने हुकूम द्यायचा: इतकं पुढे जा, इतकं वळ. चौकोन काढायचा तर किती अंशांत वळवायचं, हे कोणी सांगत नाही. कासव भलतीकडे गेलं की मूल स्वतःच हुकूम तपासतं. पॅपर्ट यांचा आग्रह होता की संगणकाने मुलाला चालवू नये, मुलाने संगणकाला चालवावं. त्या वेळी संगणक खोलीभर मोठे असत आणि मुलांच्या हाती ते देण्याची कल्पना बहुतेकांना वेडेपणाची वाटत होती.

आपल्या मातीत मात्र हा विचार तारेशिवाय, विजेशिवाय आधीपासून होता. १९३७ मध्ये वर्ध्याला नई तालीमची मांडणी झाली, हातातल्या कामातून शिकण्याची. १९४५ मध्ये बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक बोर्डीला गेल्या, पुढे अनुताई वाघ त्यांच्यासोबत कोसबाडला. शिंपले, बिया, पानं, जे परिसरात मिळेल त्याची शैक्षणिक साधनं झाली. मुलं शाळेत येत नाहीत, गुरं चारायला जातात, म्हणून शाळाच कुरणावर गेली आणि कुरणशाळा हा शब्द मराठीला मिळाला. इंटरनेटबद्दल बोलताना ‘कुठेही, केव्हाही शिक्षण’ असं म्हणतात, तेव्हा मला डोळ्यांपुढे ती कुरणशाळाच दिसते. मूल जिथे आहे तिथून सुरुवात करायची, ही तिची रीत होती. पुढे आलेलं प्रत्येक यंत्र या रीतीवर घासून पाहिलं, तर त्याची पारख बरीच होते.

पहिलं मोठं यंत्र दूरचित्रवाणीचं. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात ‘साइट’ हा उपग्रहावरून शिक्षण पोहोचवण्याचा प्रयोग झाला. नासाचा एटीएस-६ उपग्रह उसना घेऊन सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत कार्यक्रम पोहोचवले गेले. त्या सहांत महाराष्ट्र नव्हता. इन्सॅट हा आपला उपग्रह आल्यावर आपली पाळी आली आणि १९८४ मध्ये पुण्यात बालचित्रवाणी ही शैक्षणिक कार्यक्रम करणारी संस्था सुरू झाली. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या कितीतरी मराठी माणसांच्या मनात ते नाव जपलेलं आहे. कामही जीव ओतून केलेलं होतं. पण प्रक्षेपण एका दिशेचं असतं. कार्यक्रमाची वेळ ठरलेली, शाळेचा टीव्ही बिघडलेला किंवा वीज गेलेली, आणि सगळं जुळून आलं तरी मुलाने करायचं काय, तर गप्प बसून बघायचं. शंका आली तर चित्र थांबत नव्हतं. २०१७ मध्ये संस्था बंद झाली. तिच्या चित्रफितींइतकाच तो अनुभवही सांभाळून ठेवण्यासारखा होता.

संगणक आला तोही जवळपास त्याच सुमारास. १९८४-८५ मध्ये केंद्राने ‘क्लास’ हा प्रकल्प देशभरातल्या सुमारे २५० शाळांत सुरू केला, बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश संगणक घेऊन. त्यातून रुजली ती संगणक कक्ष नावाची खोली: पडदे लावलेली, चपला बाहेर काढून जायची, आठवड्याला एक तास आणि एका यंत्रामागे चार-पाच मुलं. विषय होता ‘संगणक’. संगणकाचे भाग पाठ करायचे, त्यांची आकृती काढायची. मुलाने संगणकावर भूगोल शिकावा, गणिताशी खेळावं, हे त्या तासात बसत नव्हतं. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झालं आणि एमएस-सीआयटी घरोघर पोहोचली. लाखो मराठी माणसांचा हात त्यामुळे माउसवर स्थिरावला, हे मोठं काम झालं. शाळेतला तास मात्र बराच काळ तसाच राहिला.

त्या खोलीची भिंत एका अर्थी दिल्लीत फुटली. २६ जानेवारी १९९९ रोजी शिक्षणसंशोधक सुगत मित्रा यांनी कालकाजीतल्या आपल्या कार्यालयाच्या भिंतीत संगणक बसवला, पलीकडच्या वस्तीच्या बाजूला तोंड करून. कोणी शिकवलं नाही, तरी मुलं एकमेकांना दाखवत वापरू लागली. पुढे असेच संगणक सिंधुदुर्गातही बसवले गेले. या प्रयोगावर टीकाही झाली. मुलं मुख्यतः खेळ खेळतात आणि चित्रं रंगवतात, दांडगी मुलं जागा अडवतात, मुली मागे राहतात, असं काही अभ्यासकांनी नोंदवलं. ही टीका मला महत्त्वाची वाटते, कारण शिक्षक बाजूला झाला की वर्ग आपोआप मुलाचा होतो, हा समज तिने तपासायला लावला. सुगत मित्रा यांना २०१३ मध्ये दहा लाख डॉलरचं टेड पारितोषिक मिळालं आणि त्यातून उभ्या राहिलेल्या केंद्रांपैकी एक फलटणला आलं, मॅक्सीन बर्नसन यांनी उभारलेल्या प्रगत शिक्षण संस्थेत. मुलं तिथे गटाने एका संगणकाभोवती बसून एखाद्या मोठ्या प्रश्नाचा शोध घेत. प्रश्न विचारण्याची सवय त्या शाळेने अनेक वर्षं जोपासलेली होती. इंटरनेट येण्याआधीची ही मशागत लोक विसरतात.

आणखी एक अडचण होती, तिच्याबद्दल फार कमी लिहिलं जातं: अक्षरांची. मुलाने स्वतः काही लिहायचं तर त्याच्या लिपीत लिहिता आलं पाहिजे. दोन हजारच्या आगेमागे मराठी मजकूर वेगवेगळ्या फाँटमध्ये अडकलेला होता. एका संगणकावर नीट दिसणारा धडा दुसऱ्यावर उघडला की चिन्हांचा ढीग. म्हणून शिक्षक मजकुराऐवजी त्याचं चित्र पाठवत. सगळ्या संगणकांवर अक्षरं सारखीच दिसू देणारं युनिकोड रुळलं, मग मोबाइलवर देवनागरी कळफलक आला, तेव्हा कुठे पाचवीतल्या मुलाला आपल्या गावच्या नदीबद्दल चार ओळी लिहून दुसऱ्या गावच्या मुलाला पाठवणं शक्य झालं. याच काळात पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान केंद्रातून अरविंद गुप्ता यांनी कचऱ्यातून करायची खेळणी आणि हजारो पुस्तकं इंटरनेटवर सर्वांसाठी मोफत ठेवली, मराठीसुद्धा. छायाचित्र बघायचं आणि उठून काडेपेटी, सायकलची वॉल्व्ह ट्यूब, जुनी स्ट्रॉ शोधायला लागायचं. आंतरजालाचा इतका सरळ, निर्मळ उपयोग मी फार थोडा पाहिला आहे. पडदा तिथे मुलाला स्वतःजवळ धरून ठेवत नाही.

सरकारी धोरणात ज्ञानरचनावादाचं वारं २००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यापासून वाहू लागलं. त्या समितीचे अध्यक्ष होते प्रा. यशपाल, साइटच्या काळात अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राचे प्रमुख राहिलेले. उपग्रहावरून धडे पाठवणाऱ्या माणसाने तीस वर्षांनी ‘मुलाला ज्ञान रचू द्या’ असं सांगणाऱ्या समितीचं नेतृत्व करावं, हा योगायोग नुसता योगायोग वाटत नाही. महाराष्ट्रात सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या, म्हणजे एका देखरेखीखालच्या गटातल्या, शाळांनी ज्ञानरचनावाद फरशीवर उतरवला. जमिनीवर आखलेले तक्ते, खडे, मणी, काड्या, आणि खाली बसून मुलांबरोबर काम करणाऱ्या बाई. राज्यभरातून शिक्षक ते बघायला जात. जून २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा शासन निर्णय आला आणि त्याच्या बरोबरीने ‘डिजिटल शाळे’ची लाट. शहापूर तालुक्यातली पष्टेपाड्याची छोटी शाळा त्याआधीच सौरऊर्जेवर टॅब चालवून गाजली होती. गावोगाव लोकवर्गणी निघाली. कुणी प्रोजेक्टर दिला, कुणी आईवडिलांच्या स्मरणार्थ एलईडी टीव्ही. गावाने आपल्या शाळेसाठी खिशात हात घालणं ही मराठी मुलखाची जुनी पुण्याई. पण विजेचं बिल कोणी भरायचं, हा प्रश्न राहिला आणि थकलेल्या बिलापायी कितीतरी शाळांची जोडणी तोडली गेली. आणि जिथे वीज होती तिथेही कुमठ्याची फरशी आणि भिंतीवरचा पडदा एकाच वर्गात असूनही एकमेकांशी बोलत नव्हते. कविता लावली, मुलांनी ऐकली, तास संपला. बालचित्रवाणीचाच तो पुढचा अवतार.

माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी वेगळी वाट काढली. पाठ्यपुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड चिकटवले, म्हणजे घरच्या मोबाइलवर मुलाला कविता ऐकता येईल, गोष्ट पाहता येईल, गृहपाठ मिळेल. ही कल्पना पुढे राज्याच्या पुस्तकांत गेली आणि सप्टेंबर २०१७ मध्ये आलेल्या ‘दीक्षा’ या सरकारी ऑनलाइन मंचामुळे देशभर पसरली. २०२० चं जागतिक शिक्षक पारितोषिक त्यांना मिळालं, तेव्हा दहा लाख डॉलरपैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांना वाटून दिली. कोडची चर्चा खूप झाली. मला त्यांच्या कामातला दुसरा धागा जास्त मोलाचा वाटतो: दुसऱ्या देशांतल्या वर्गांशी, संघर्ष असलेल्या देशांतल्या मुलांशीही, आपल्या मुलांची पडद्यावर गाठ घालून देणं. तिथे मूल बघत नाही, बोलतं. समोरून कोणीतरी उत्तर देतं, आणि ते उत्तर पुस्तकात नसतं.

उच्च शिक्षणात नुसतं ऐकत-बघत बसण्याचा हाच पेच वेगळ्या तऱ्हेने सोडवला गेला. हार्वर्डचे भौतिकशास्त्रज्ञ एरिक मझूर यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला व्याख्यान मध्येच थांबवून प्रश्न टाकायला सुरुवात केली आणि विद्यार्थ्यांना शेजाऱ्याशी वाद घालून मग उत्तर द्यायला सांगितलं. आयआयटी मुंबईत २०१० मध्ये शैक्षणिक तंत्रज्ञानाचा आंतरविद्याशाखीय कार्यक्रम सुरू झाला. तिथे सहाना मूर्ती, श्रीधर अय्यर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘मूक’ (MOOC), म्हणजे सर्वांना खुल्या असलेल्या मोठ्या ऑनलाइन अभ्यासक्रमासाठी ‘लर्नर सेंट्रिक मूक’ नावाची विद्यार्थीकेंद्री बांधणी केली. तिचे भाग चार: शिकण्याचा संवाद, करून शिकणं, पुढच्या वाटा आणि शिकणाऱ्यांची आपसातली देवघेव. संवाद म्हणजे चित्रफीतच, पण तिच्यात मुद्दाम ठेवलेली थांबण्याची जागा असते. शिक्षक प्रश्न विचारतात आणि सांगतात, फीत थांबवा, आधी तुमचं उत्तर लिहा, मग पुढे चला. पुढचं बोलणं संभाव्य उत्तरं धरून रचलेलं. ऐकायला किती साधं! पण १९७५ पासून पडद्याला जे जमत नव्हतं, मुलासाठी थांबणं, ते यात आधीच योजलेलं आहे. देशभरातल्या हजारो महाविद्यालयीन शिक्षकांनी या पद्धतीचे अभ्यासक्रम स्वतः विद्यार्थी होऊन केले.

मग मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. मोबाइल वडिलांबरोबर कामावर जाई, दोन भावंडांत एकच असे, रेंजसाठी टेकडी चढावी लागे. बहुतेक ऑनलाइन तास म्हणजे फळ्यासमोरच्या व्याख्यानाचं बारीक चित्र होतं, आणि मुलं आवाज बंद करून बसली. या काळातली एक गोष्ट मात्र नोंद घेण्याजोगी आहे. जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका लागली. तीत वर्ग, फळा, शिक्षक नव्हते. घरातली मंडळी आणि मुलं मिळून स्वयंपाकघरात, अंगणात, शेतात काही करून पाहायची, मोजायची, विचारायची, आणि बघणाऱ्या मुलाने तेच आपल्या घरी करायचं. माध्यम पंचेचाळीस वर्षांपूर्वीचंच, एका दिशेचं. पण मालिका रचणाऱ्यांनी मूल पडद्यासमोरून उठेल असा बेत केला होता. सोलापुरात निलमनगरच्या शिक्षकांनी तर घरांच्या भिंतीच धड्यांनी रंगवल्या, रस्त्यावरून जाता-येता वाचायला.

२०२३-२४ पासून बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोडच्या जोडीला आणखी एक गोष्ट आली: दुसरी ते आठवीच्या पाठांनंतर कोरी पानं, वर मथळा ‘माझी नोंद’. वहीचं ओझं कमी व्हावं हा मुख्य हेतू होता. पण त्या पानांवर मुलाने स्वतःचं काही लिहावं अशीही अपेक्षा होती. बऱ्याच वर्गांत त्यांच्यावर फळ्यावरची प्रश्नोत्तरं उतरवली गेली, तर काही ठिकाणी ती कोरीच राहिली. पुस्तकं जाड झाली, किमती वाढल्या, वह्या सुटल्या नाहीत आणि २०२५ मध्ये सरकारने निर्णय मागे घेतला. कोरी पानं गेली, कोड राहिला आहे.