डीडब्ल्यूजी फाइलची आवृत्ती-ओळख

डीडब्ल्यूजी फाइलची आवृत्ती-ओळख : ऑटोकॅड व तत्सम आरेखन-प्रणालींतील डीडब्ल्यूजी फाइल प्रत्यक्ष न उघडता, तिच्या आरंभीचे सहा बाइट वाचून ती कोणत्या आवृत्तीच्या रचनेत साठवली आहे हे ठरवण्याची पद्धत. यासाठी पाच-सात ओळींची स्क्रिप्ट पुरते. स्थापत्य, यंत्रआरेखन व सर्वेक्षण यांच्या कार्यालयांत ती जुन्या ड्रॉइंगची छाननी करताना वापरली जाते. अभिलेखागारांच्या दृष्टीने मात्र तिचे महत्त्व त्याहून मोठे आहे. रूपांतराचा क्रम व त्यासाठीचे साधन ठरवायचे तर आधी हाताशी काय आहे ते कळावे लागते.

गरज कशी उद्भवते हे या व्यवसायातल्या माणसाला सांगायला नको. ‘लोअर व्हर्जनमध्ये सेव्ह करून पाठवा’ हे वाक्य प्लॉटिंगच्या दुकानापासून स्ट्रक्चरल सल्लागारापर्यंत सगळीकडे ऐकू येते. जुन्या ऑटोकॅडमध्ये नव्या रचनेची फाइल उघडू पाहिली की ड्रॉइंग वैध नसल्याचा संदेश येतो. फाइल खरोखर बिघडलेली असली तरी संदेश बहुधा तोच असतो. त्यामुळे केवळ नव्या व्हर्जनमधल्या, पण पूर्णपणे निरोगी फाइली ‘करप्ट’ समजून टाकून दिल्या जातात. सहा बाइट वाचले असते तर हे टळले असते.

संकेत व त्यांचे अर्थ : फाइलचे पहिले सहा बाइट म्हणजे साध्या आस्की (इंग्रजी अक्षरे व अंक यांना क्रमांक देणारी प्रमाण पद्धत) अक्षरांतला एक संकेत. हेक्स-दर्शकात (बाइट सोळाच्या पायावरील अंकांत दाखवणाऱ्या साधनात) एखादी फाइल उघडली की पहिल्याच ओळीत, उदाहरणार्थ, ४१ ४३ ३१ ३० ३१ ३५ असे आकडे दिसतात. ते अक्षरांत वाचले की ‘एसी१०१५’ (AC1015) हा संकेत मिळतो, म्हणजे फाइल ऑटोकॅड २००० च्या रचनेत आहे. हीच रचना २०००आय व २००२ यांनीही वापरली. त्याआधीचा ‘एसी१०१४’ हा रिलीज १४ चा (१९९७) व ‘एसी१०१२’ हा रिलीज १३ चा (१९९४). ‘एसी१००९’ मात्र रिलीज ११ व १२ या दोहोंना समान असून केवळ या संकेतावरून त्यांच्यात भेद करता येत नाही. पुढे ‘एसी१०१८’ हा २००४ ते २००६, ‘एसी१०२१’ हा २००७ ते २००९, ‘एसी१०२४’ हा २०१० ते २०१२, ‘एसी१०२७’ हा २०१३ ते २०१७ या आवृत्त्यांचा आहे. ‘एसी१०३२’ हा २०१८ मध्ये आला आणि त्यानंतरच्या अनेक वार्षिक आवृत्त्यांनी तोच कायम ठेवला. म्हणून २०१८ च्या ऑटोकॅडमध्ये केलेली फाइल आणि २०२४ मध्ये केलेली फाइल या संकेतापुरत्या सारख्याच दिसतात.

रिलीज १० पर्यंतची स्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. ‘एसी१००६’ हा रिलीज १० चा, ‘एसी१००४’ हा रिलीज ९ चा, ‘एसी१००३’ हा २.६ चा व ‘एसी१००२’ हा २.५ चा याबद्दल सर्वसाधारण एकमत दिसते. त्यामागे गेल्यास संकेतात दशांश चिन्ह येते. ‘एसी२.१०’ हा २.१० या आवृत्तीचा आहे आणि इथे संकेत व आवृत्ती जुळतात. ‘एसी१.५०’ मात्र २.०५ चा मानला जातो, तिथे ती जुळत नाहीत. ‘एसी१.४०’ व ‘एसी१.२’ हे त्याही आधीचे. यांतील काही संकेत पाचच अक्षरांचे असल्याने सहावा बाइट शून्य असतो. स्क्रिप्टमध्ये तुलना करण्यापूर्वी तो छाटला नाही तर ओळख चुकते.

सर्वांत जुन्या आवृत्तीचा संकेत ‘एमसी०.०’ असा नोंदला जातो व त्यातील पहिल्या दोन अक्षरांच्या अर्थाबद्दल चर्चा होत असते. ऑटोडेस्क ही कंपनी १९८२ मध्ये स्थापन झाली. जॉन वॉकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी माइक रिडल यांच्या ‘इंटरॅक्ट’ या प्रणालीवरून जे उत्पादन घडवले, त्याचे आरंभीचे नाव ‘मायक्रोकॅड’ होते. ‘ऑटोकॅड’ हे नाव नंतरचे. त्यावरून ‘एमसी’ हे त्या पहिल्या नावाचे लघुरूप असावे, असे मत प्रचलित आहे व तेच अधिक सयुक्तिक वाटते. कालक्रम त्याला अनुकूल आहे आणि पुढच्या सर्व संकेतांतील ‘एसी’ हे ऑटोकॅडचे लघुरूप असणे याच रीतीला धरून आहे. मात्र या काळातील फाइली आज क्वचितच हाती येतात. डीडब्ल्यूजी ही रचनाच ‘इंटरॅक्ट’मधून आली की ऑटोडेस्कमध्ये नव्याने घडली, याविषयी पहिला पक्ष सामान्यतः मान्य केला जातो; तिचा आरंभ १९७० च्या दशकाच्या अखेरीस मानला जातो तो याच अर्थाने.

संकेतातल्या आकड्यांवरून थेट आवृत्ती काढण्याचा मोह अनेकांना होतो. त्याचे कारण समजण्याजोगे आहे. ऑटोकॅडच्या मागे तीन निरनिराळ्या गणना चालतात. पेटीवरचे वर्ष, प्रणालीचा अंतर्गत रिलीज-क्रमांक आणि फाइल-रचनेचा संकेत. ऑटोकॅड २००० चा अंतर्गत क्रमांक १५.० आणि संकेत ‘एसी१०१५’. रिलीज १४ चा संकेत ‘एसी१०१४’. ही दोन उदाहरणे पाहणाऱ्याला शेवटचे दोन अंक म्हणजेच रिलीज-क्रमांक असे वाटते. पण हा मेळ योगायोगाचा आहे. रिलीज १३ ला १०१२ होता, आणि २००४ चा अंतर्गत क्रमांक १६.० असूनही संकेत १०१८ आहे. २०१८ चा अंतर्गत क्रमांक २२.०, संकेत १०३२. सूत्राने काहीच साधत नाही. स्क्रिप्टमध्ये कोष्टकच द्यावे लागते, आणि कोष्टकात नसलेला संकेत आढळला तर अंदाज न बांधता तो जसाच्या तसा छापावा. संकेतांच्या मालिकेत १०१५ पासून १०२७ पर्यंत तीन-तीनची झेप आहे, पुढे एकदम पाचची. मधले आकडे प्रसिद्धीपूर्व चाचणी-आवृत्त्यांसाठी खर्ची पडले असावेत, असा तर्क केला जातो आणि तो ग्राह्य वाटतो.

स्क्रिप्टची रीत : पद्धतीचा गाभा एवढाच की फाइल बायनरी रीतीने उघडायची, सहा बाइट वाचायचे, ते आस्कीत उलगडायचे आणि कोष्टकात शोधायचे. ‘बायनरी रीतीने’ या शब्दांवर भर दिला पाहिजे. पायथॉनमध्ये फाइल टेक्स्ट रीतीने उघडून सहाच अक्षरे मागितली तरी भाषा आतून हजारो बाइटांचा तुकडा उचलून तो बहुधा यूटीएफ-८ (युनिकोड मजकूर बाइटांत मांडण्याची पद्धत) म्हणून वाचू पाहते. सातव्या बाइटानंतरचा मजकूर यूटीएफ-८ नसल्याने स्क्रिप्ट मध्येच थांबते. नवशिक्याला वाटते फाइल खराब आहे. खराब असते ती उघडण्याची रीत. ऑटोलिस्प या ऑटोकॅडच्या अंगभूत भाषेत हेच काम ‘ओपन’ व सहा वेळा ‘रीड-चार’ यांनी होते. लिनक्सवर ‘हेड’ या आज्ञेला सहा बाइटांची मर्यादा घातली की स्क्रिप्टचीही गरज उरत नाही. ‘फाइल’ ही आज्ञा १९७३ च्या सुमाराच्या चौथ्या युनिक्स आवृत्तीपासून चालत आलेली आहे. तिचे आजचे प्रचलित रूप इयन डार्विन यांच्या पुनर्लेखनातून आले. तीही याच तत्त्वावर, म्हणजे आरंभीच्या ओळख-बाइटांवर चालते आणि बहुतेक डीडब्ल्यूजी संकेत ओळखते. तिच्या कोष्टकाच्या जुन्या प्रतीत नवे संकेत नसतात, एवढे ध्यानात ठेवावे.

संपूर्ण फोल्डर तपासताना फाइलच्या विस्तार-नावावर विसंबू नये. ऑटोकॅड प्रत्येक सेव्हच्या वेळी आधीची प्रत ‘बीएके’ विस्ताराने ठेवते. ती आतून पूर्ण डीडब्ल्यूजीच असते. ‘एसव्ही’ व त्यापुढे डॉलर-चिन्ह अशा विस्ताराची स्वयं-साठवणीची फाइल आणि ‘डीडब्ल्यूटी’ हा साचा यांचेही तसेच. मूळ फाइल हरवलेली असताना शेजारची ‘बीएके’ कामी आली, असा अनुभव या क्षेत्रात सर्वांना आहे. तेव्हा शोधाच्या यादीत ती घेतलीच पाहिजे. लिनक्स सर्व्हरवर विस्तारातील मोठी-लहान अक्षरे वेगळी धरली जातात, हाही एक नेहमीचा चकवा. सहा बाइटांपेक्षा लहान फाइल, विशेषतः शून्य बाइटांची, वेगळ्या स्तंभात नोंदावी. अर्धवट राहिलेली कॉपी बहुधा तिथेच सापडते.

रचना आणि प्रणाली यांतील भेद : सहा बाइटांतून फाइलची रचना कळते, ती लिहिणारी प्रणाली कळत नाही. २०२४ च्या ऑटोकॅडमधून ‘सेव्ह ॲज’ करून २००० ची रचना निवडली तर संकेत ‘एसी१०१५’ असाच येईल. ऑटोकॅड नसलेल्या कॅड-प्रणालीही तेच संकेत लिहितात. स्क्रिप्टच्या निकालात ‘ऑटोकॅड २०००’ असे न छापता ‘२००० ची रचना’ असे छापावे, असे या नोंदीचे आग्रही मत आहे. न्यायालयीन किंवा करारविषयक वादात ड्रॉइंग कधी व कशात झाले याचा पुरावा म्हणून हा संकेत पुढे करणे तर सर्वस्वी चूक होय.

लिहिणाऱ्या प्रणालीचा माग अन्यत्र सापडतो. ओपन डिझाइन अलायन्स या ऑटोडेस्कबाहेरच्या संघटनेने प्रसिद्ध केलेल्या रचना-विवरणानुसार, २००४ च्या रचनेपासून शून्यापासून मोजता अकराव्या बाइटात देखभाल-आवृत्ती, तेराव्यापासून चार बाइटांत लहान पूर्वदर्शन-चित्राचा पत्ता, सतराव्या व अठराव्या बाइटांत लिहिणाऱ्या प्रणालीची आवृत्ती व तिची देखभाल-आवृत्ती आणि एकोणिसाव्या व विसाव्यात कोड-पेजचा (कोणता बाइट कोणते अक्षर दाखवतो हे ठरवणाऱ्या कोष्टकाचा) क्रमांक असतो. स्क्रिप्टने सहाऐवजी एकवीस बाइट वाचले तर एवढे हाती येते. त्याहून तपशीलवार माहिती ‘ॲपइन्फो’ या अंतर्गत विभागात असते. तिथे उत्पादनाचे नाव व बिल्ड-क्रमांक एक्सएमएलच्या तुकड्यात लिहिलेले असतात. पण हा विभाग छोट्या स्क्रिप्टच्या आवाक्यात नाही. २००४ च्या रचनेत विभाग संकुचित केलेले असतात आणि त्यांचा ठावठिकाणा देणारे १०८ बाइट, १२८ व्या बाइटापासून, एका ठरावीक छद्म-यादृच्छिक मालिकेशी एक्सऑर (दोन बिटांची तुलना करणारी उलटवता येणारी क्रिया) करून झाकलेले असतात. ही मालिका प्रत्येक फाइलला एकच असल्याने तिला कूटलेखन म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. तरी ती उलगडून, मग विभागांचा नकाशा वाचून, मग संकोच सोडवून ॲपइन्फोपर्यंत पोहोचायला काही शे ओळी लिहाव्या लागतात. २००७ ची रचना आणखी निराळी आहे. तिच्यात दोषसुधारक रीड-सॉलोमन संकेतन आले, आणि २०१० मध्ये पुन्हा २००४ शी जवळीक असलेली रचना स्वीकारली गेली. त्यामुळे ‘एसी१०२१’ संकेत दिसलेल्या फाइली काही मुक्त साधनांना आजही जड जातात. निकालात त्या वेगळ्या काढून ठेवणे शहाणपणाचे.

देवनागरी मजकूर : मराठी मजकूर असलेल्या ड्रॉइंगमध्ये हा संकेत आणखी एका कारणाने उपयोगी पडतो. २००७ च्या रचनेपासून फाइलमधील मजकूर यूटीएफ-१६ मध्ये साठवला जातो. त्याआधी तो फाइलच्या कोड-पेजनुसार साठवला जाई. पश्चिम युरोपीय १२५२ या कोड-पेजचा क्रमांक तिथे ३० असा असतो. विंडोजमध्ये देवनागरीसाठी प्रणालीचे मूळ कोड-पेज म्हणून वापरता येईल असे १२५२ सारखे कोड-पेज कधीच नव्हते. परिणामी ‘एसी१०१८’ किंवा त्याआधीच्या फाइलमध्ये खरा युनिकोड ‘क’ ठेवायचा तर तो उलटी तिरकी रेघ, यू, अधिक-चिन्ह व ०९१५ अशा सात चिन्हांनी लिहिला जातो. २००० च्या रचनेत मजकूर संकुचित नसला तरी तो बाइटांच्या सीमांवर बसवलेला नसल्याने हेक्स-दर्शकात ही चिन्हे सहसा उघड वाचता येत नाहीत. बहुतेक कार्यालयांनी मात्र त्या काळी श्रीलिपीसारख्या संचांतील फॉन्ट वापरले. त्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत. फॉन्ट नसलेल्या संगणकावर ‘तळमजला’ किंवा ‘सर्वे नं.’ यांच्या जागी रोमन अक्षरांचा अर्थहीन घोळ दिसतो तो यामुळे. म्हणून मराठी शीर्षके असलेली जुनी फाइल नव्या रचनेत नेण्यापूर्वी संकेत पाहावा, आणि तो १०१८ वा त्याखालचा असल्यास मूळ फॉन्टचे नाव आधी नोंदवून घ्यावे. नुसत्या रूपांतराने हा मजकूर युनिकोड होत नाही. २००७ नंतरच्या फाइलींतही असे फॉन्ट वापरले गेले असल्याने उलट दिशेचा निष्कर्ष मात्र सुरक्षित नाही.

अधिकृततेचा प्रश्न : ऑटोकॅड २००७ पासून ऑटोडेस्कने फाइलमध्ये ‘ट्रस्टेड डीडब्ल्यूजी’ ही खूण घालण्यास आरंभ केला. फाइल शेवटी ऑटोडेस्कच्या किंवा तिच्या परवानाधारक प्रणालीने साठवली आहे, असे ती सांगते. ओपन डिझाइन अलायन्सच्या ग्रंथालयांनीही (इतर प्रणालींत जोडायच्या तयार संहिता-संचांनी) ती खूण लिहिल्यावरून २००६ मध्ये अमेरिकेत दावा झाला व २००७ मध्ये तडजोडीने मिटला. आवृत्ती-ओळखीच्या दृष्टीने या खुणेचा उपयोग मर्यादितच आहे, कारण तिचा संबंध रचनेशी नसून लिहिणाऱ्याशी आहे.

डीएक्सएफ : याच कुळातील, ड्रॉइंगच्या देवाणघेवाणीसाठीच्या मजकूर-स्वरूपाच्या डीएक्सएफ फाइलमध्ये संकेत आरंभी नसतो. शीर्ष-विभागात डॉलर-चिन्ह लावलेले ‘अकॅडव्हर’ हे चल शोधावे. त्याखाली गट-क्रमांक १ असलेली ओळ आणि तिच्या लगेच खाली तोच ‘एसी१०१५’ वगैरे संकेत असतो. बायनरी डीएक्सएफची सुरुवात ‘ऑटोकॅड बायनरी डीएक्सएफ’ या इंग्रजी शब्दांनी होते. ग्नू प्रकल्पातील लिब्रेडीडब्ल्यूजी हे मुक्त ग्रंथालय या दोन्ही कुळांतील फाइली वाचते व रिलीज १३ च्या आधीच्या रचनांचा अभ्यास करणाऱ्यांना त्याच्या मूळ-संहितेतील संकेतांची यादी उपयुक्त आहे.